सात मापांची एक पाटी

"जुनी भांडी बघायला तिकीट? चल, माझ्या माळ्यावर फुकट दाखवते."

पुण्यात बाजीराव रस्त्यावर, राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या तिकीटखिडकीसमोर आत्या हे एवढ्या मोठ्यानं बोलली की मागे उभं असलेलं शाळकरी पोरगं फिदीफिदी हसलं. आत्या ब्याऐंशी वर्षांची. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं धरून ती बोलते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहायला आली होती. दुसरा डोळा झाला, काळा चष्मा उतरला आणि तिनं फर्मान काढलं : "एवढे पैसे घालून डोळे केलेत, तर आता काहीतरी दाखव."

तिला मॉल दाखवून झाला होता. तो तिनं दहा मिनिटांत संपवला. म्हणून केळकर संग्रहालय. मी स्वतः तिथे चौथीत असताना गेले होते, शाळेच्या रांगेतून, पुढचीच्या वेणीकडे बघत. आपल्याकडे संग्रहालय हे असंच एकदा 'होऊन जातं', गोवराची लस टोचावी तसं. नंतर पाहुणे आले तरच.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास आत्या गप्प होती. समया, लामणदिवे, दरवाजे, कोरीव खांब यांच्यापुढून ती देवळात फिरावं तशी हात मागे बांधून फिरली. मग एका काचेपुढे थांबली. आत हातात मावतील अशा पितळी वस्तू होत्या, कुणावर मोर बसलेला, कुणावर पोपट. मी चिठ्ठी वाचायला वाकले.

"वाचतेस काय? वज्री आहे ती. टाचा घासायची."

"ते कळलं गं."

"काय कळलं? हिच्या पोटात खडे असतात. घासताना वाजते. सासूबाई न्हाणीत आहेत हे आम्हाला वज्रीवरून कळायचं. ती वाजत होती तोवर आम्ही जावा-जावा चुलीपाशी काय वाट्टेल ते बोलायचो. आवाज थांबला की चिडीचूप."

शेजारी दोन मुली मोबाइलवर फोटो काढत होत्या. त्यांनी हात खाली केले. आत्याला श्रोते मिळाले आणि पुढचा दीड तास मी तिची भाची न राहता पिशवी धरणारी झाले.

संग्रहालयात वस्तूखाली चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, धातू, जमलं तर शतक. त्याहून जास्त तिनं सांगावं ही अपेक्षाही बरोबर नाही. चार ओळींच्या कागदावर सासूबाईंची न्हाणी कशी मावणार? पण त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं की ही चिठ्ठी वाचून झाल्यावर जे उरतं ते शोधायला आपण जायचं. दिवाळी अंकासाठी लेख मागितला गेला होताच. वर्षभरात जमेल तसं मी घराजवळची आणि घरापासून दूरची काही संग्रहालयं, चित्रदालनं पाहिली. कधी आत्याबरोबर, कधी एकटीनं. मोठ्या शहरांतली नामांकित दालनं मुद्दाम कमी ठेवली. मुंबईत राणीच्या बागेजवळच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला १८६४ साली उचलला आणि क्रेन तुटल्यामुळे त्याचे तुकडे झाले, हे आता पुष्कळांना ठाऊक असतं. तुकडे जुळवून उभा केलेला तो हत्ती मला आवडतोच. पण त्याच्याबद्दल सांगणारे खूप आहेत. मला वज्रीबद्दल सांगणारे हवे होते.

केळकरांकडे परत येते. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, मृत्यू १९९०. घरचा धंदा चष्म्याचा. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे. कवितेबरोबर त्यांना दुसरा नाद लागला तो गावोगावच्या माळ्यांवरच्या, अडगळीतल्या आणि मोडीत निघालेल्या वस्तूंचा. १९२०च्या सुमारापासून त्यांनी हे जमवायला सुरुवात केली. तलवारी, ढाली, नाणी जमवणारे तेव्हाही होते, पण अडकित्त्यासाठी परगावी जाणारा माणूस लोकांना चक्रमच वाटला असणार. पत्नी कमलाबाई या नादात सामील होत्या. नादापायी दागिनेसुद्धा गेले असं सांगतात. मुलगा राजा लहान वयात गेला. त्याच्या नावानं हे संग्रहालय उभं राहिलं, १९६२ पासून लोकांसाठी खुलं झालं, आणि १९७५ साली केळकरांनी सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. आपल्याला दिसतात त्या त्यांतल्या थोड्या.

अडकित्त्यांपुढे आत्यानं पाऊण तास घेतला. घोड्याचे, मोराचे, मिठी मारलेल्या जोडप्याचे अडकित्ते. "हा पुरुषांचा. हा बायकांचा." कशावरून? "मुठीवरून. आणि हा कुणीच वापरलेला नाही, नुसता रुखवतात मांडलेला. धार बघ." मी धार बघितली. मला काही कळलं नाही. पण तिच्या अंगठ्याची हालचाल मला दिसली. काचेबाहेर, हवेत, तिचा अंगठा आणि तर्जनी सुपारी कातरत होती. बावीस वर्षांपूर्वी दात गेले तेव्हापासून तिनं पान सोडलंय.

मस्तानी महाल बघून ती म्हणाली, "हे तर कोथरूडचं ना? मग इथं कसं?" कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे मूळ भाग आणून केळकरांनी तो इथे पुन्हा उभा केला, हे मी सांगितलं. त्यावर आत्याचा शेरा : "बाईला आधी वाड्याबाहेर ठेवली आणि आता घरात घेतली."

तिथेच पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी जुनी चित्रंही आहेत. बाजूनं रंगवलेले चेहरे, मोठाले डोळे, रथ, बाण, राक्षस. मला ती पाहताना सारखं वाटत होतं की आवाज बंद करून सिनेमा बघतेय. असं का वाटलं ते पुढे पिंगुळीला गेल्यावर कळलं.

*

डोळे पूर्ण बरे झाल्यावर आत्याला घेऊन औंधला गेले. पुण्याचं औंध नव्हे. ही चूक रिक्षावालेही करतात आणि नकाशेही. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध. आमचं मूळ गाव त्याच तालुक्यात. लहानपणी आत्या पौषातल्या यमाईच्या यात्रेला बैलगाडीतून यायची. डोंगरावरच्या मूळपीठापर्यंत पायऱ्या चढायची, नारळ फोडायचा, रेवड्या घ्यायच्या आणि परत. वाटेवरच्या संग्रहालयाच्या इमारतीत ती आयुष्यात कधी गेली नव्हती. "ते राजाचं होतं," एवढंच तिचं कारण.

ते राजाचं होतं हे खरं. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १८६८ ते १९५१. अवघ्या ७२ गावांचं संस्थान आणि त्याच्या राजाला हौस कशाकशाची? स्वतः चित्रं काढायची. रामायणाची चित्रमालिका स्वतः रंगवायची. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला एक लाख रुपये द्यायचे. कीर्तनाला उभं राहायचं. पहाटे सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या सगळ्या पोरांकडून घालून घ्यायचे. माझे आजोबा त्या पोरांतले एक. "राजानं आमच्या पाठी मोडल्या" असं ते म्हणायचे आणि नव्वदीपर्यंत रोज बारा नमस्कार घालायचे.

श्री भवानी संग्रहालय १९३८ सालचं. पुढच्याच वर्षी जानेवारीत बाळासाहेबांनी संस्थानाची सत्ता गावपंचायतींच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश माणसाची धडपड होती. इतिहासाच्या पुस्तकांत घटना एका प्रकरणात येते आणि संग्रहालय तळटीपेत. माझ्या लेखी दोन्ही एकाच वृत्तीतून आलेलं आहे. आपल्याकडचं वाड्यात ठेवायचं नाही.

आत रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हस्तिदंताची नाजूक कामं आहेत. छतातून उजेड येतो आणि चित्रांवर सावकाश सरकतो. सकाळी एक भिंत चांगली दिसते, दुपारी दुसरी. घाईनं येऊन 'झालं बघून' म्हणणाऱ्याला या इमारतीत निम्मंच मिळतं. आत्या बाकावर बसली होती आणि मी फिरून तिच्यापाशी यायचे. तिसऱ्यांदा आले तेव्हा ती एका दगडी शिल्पाकडे बघत होती.

हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची ही 'माता आणि बालक'. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ज्याचं काम काचेच्या भिंतींमागे ठेवतात, त्याचं एक शिल्प खटाव तालुक्यात, यमाईच्या वाटेवर आहे. ज्यांना हे माहीत असतं ते त्याच्यासाठी परगावाहून येतात, आणि ज्यांना माहीत नसतं ते यात्रेकरू शेजारून निघून जातात. मी आत्याला हे सगळं सांगायला तोंड उघडलं.

"तोंड धड केलेलं नाही," आत्या म्हणाली. "पण धरलंय बरोबर. लेकरू असंच धरतात."

मी तोंड मिटलं.

*

कोल्हापूरला एकटीच गेले. कोल्हापूरला कलापूर म्हणायची रीत आहे आणि कोल्हापूरकर ती स्वतःच जास्त पाळतात. चूक नाही त्यांची. ज्या गावात आनंदराव आणि बाबूराव हे सुतारकाम-चित्रकाम करणाऱ्या घरातले भाऊ सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायच्या मागे लागतात, आनंदराव १९१६ साली गेल्यावर बाबूराव तो ध्यास पुरा करतात आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणतात, त्या गावानं थोडी फुशारकी मारली तर ऐकून घ्यावी.

तिथलं संग्रहालय टाऊन हॉलमध्ये आहे. ही इमारत चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं आखलेली, १८७०च्या दशकातली. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, भोवती जुन्या झाडांची बाग. समोर भाऊसिंगजी रस्त्यापलीकडे सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना. त्यामुळे बागेत पेशंटच्या नातेवाइकांची वर्दळ. कापडी पिशवीत डबा, हातात एक्स-रेचं पाकीट. डॉक्टर राउंडला येईपर्यंत वेळ काढायचा असतो. त्यांतले काही सावली संपली की संग्रहालयात येतात. कलाप्रेमी मंडळींच्या यादीत हे लोक कधी धरले जात नाहीत, पण इतक्या निवांतपणे वस्तू बघणारे प्रेक्षक मी जहांगीर कलादालनातही पाहिलेले नाहीत. मनाला दुसरीकडे कुठे तरी ठेवायची त्यांना गरज असते.

असाच एक गृहस्थ माझ्याबरोबर पोसायडनपाशी उभा राहिला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकाच्या मध्यात खोदकाम झालं, त्यात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. कुंदनगार यांना तो सापडला, पुढे सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्या साठ्यात हा छोटासा देव होता. रोमन घडणीचा, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा.

"कुठला देव म्हणायचा?"

"ग्रीक लोकांचा. समुद्राचा."

"समुद्राचा?" त्यानं एकदा देवाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "मग इकडं घाटावर कशाला आला?"

सातवाहनकाळात कोकणातल्या बंदरांवर परदेशी माल उतरायचा आणि घाटवाटांनी वर यायचा, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं. त्याचा भाऊ ट्रकवर आहे आणि रत्नागिरीहून मासळी आणतो, म्हणाला. "आंब्यातनं येतो. तीच वाट असंल." आंबा घाट हाच पोसायडनचा रस्ता होता का हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण संग्रहालयातून बाहेर पडताना त्या देवाला माझ्या डोक्यात ट्रकच्या केबिनमधली जागा मिळाली होती, अगरबत्तीच्या मागे.

वरच्या भिंतींवर कोल्हापूरच्या चित्रकारांची कामं. आबालाल रहिमान हे नाव इथे हळू आवाजात घेतात. जे. जे. मध्ये शिकून आलेला, शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार १९३१ साली गेला. कोटीतीर्थाचा काठ, रंकाळ्याचा संध्यामठ, पाण्यावरचा उजेड ही त्याची दुनिया. शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर त्यानं आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, अशी कथा गावात सांगतात. खरी-खोटी कोण ठरवणार? पण मी तिघांना विचारलं आणि तिघांनी ती वेगवेगळ्या आकड्यानिशी सांगितली. एकानं तर तळं गाळ काढायला उपसलं तेव्हा आजोबा बघायला गेले होते म्हणून सांगितलं. काही मिळालं का? "गाळ."

संध्याकाळी दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात एका तरुण चित्रकाराचं प्रदर्शन होतं. गावातल्या प्रदर्शनाचा एक ठरलेला देखावा असतो. दाराशी समई, तिच्यात उद्घाटनाची विझलेली वात. टेबलावर शेऱ्यांची वही, पेन दोऱ्यानं बांधलेलं. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर चित्रकार, जो तुम्ही त्याच्या चित्राकडे बघत असताना तुमच्याकडे बघत नसल्याचं सोंग करतो. विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली लागते. तिथे दोन टिकल्या होत्या. मी चौकशी केल्यावर हसत म्हणाला, "एक मामांनी घेतलंय. दुसरी मीच लावलीय. एकटी बरी दिसत नव्हती."

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं घर. माझ्या वडिलांच्या पिढीला चंद्रकांत म्हणजे भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'मधले महाराज, नाहीतर 'पवनाकाठचा धोंडी'. पण हा नट तेवढ्याच जिद्दीनं निसर्गचित्रं काढत होता. कोरडी रंगपूड कागदावर घासून छटा उठवायची, या पावडर शेडिंगवर त्यांचा हात बसलेला होता. राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला दिली. घराचंच संग्रहालय झालं. त्यामुळे इथे चित्रं बघताना आपण दिवाणखान्यातून आतल्या खोलीत जातो, पाहुण्यासारखे, किंचित अवघडून. चपला मी नकळत बाहेर काढल्या. काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

*

देणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून तेरचं सांगते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर. गोरा कुंभाराच्या गावात संग्रहालय आहे आणि त्यात सगळ्यात जास्त काय असेल? मातीच्या वस्तूच. प्राचीन तगर नगर ते हेच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. आपल्याकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. तेरच्या पांढरीच्या टेकाडांमध्ये शतकानुशतकांची वस्ती थरावर थर बसलेली. मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी अशा हजारो वस्तू जमवल्या. त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आज गावात आहे. पुरातत्त्व खात्यात नोकरी नाही, राजाची तिजोरी नाही. पोरं ज्याला खेळणं म्हणून उचलत आणि ज्यावरून नांगर जाई ते यानं पुसून ठेवलं. इथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली सापडलेल्या भारतीय मूर्तीच्या जवळची आहे, म्हणून अभ्यासक तेरला येतात. मला मात्र मण्यांनी धरून ठेवलं. एवढे बारीक मणी ज्या बोटांनी चिखलातून वेचले त्यांची नखं कशी असतील, हेच डोक्यात येत राहिलं.

*

पिंगुळी कुडाळजवळ. जाताना वाटेत सावंतवाडीच्या राजवाड्यात थांबले. तिथे गंजिफा रंगवताना प्रत्यक्ष बघता येतं. दशावतारी गंजिफा, अवतार १०, प्रत्येकाची पानं १२, म्हणजे १२० गोल पानं, आणि हे मोजत असतानाच एका कारागिरानं ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत मासा काढला आणि मी आकडा विसरले.

पिंगुळीचा ठाकर समाज चित्रकथीवाला. राजाश्रयानं देवळांतून चित्रं दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या, शिवाय कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करायचे, ही त्यांची पिढीजात कला. ती विझत चाललेली असताना परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीच्या खूप आधी त्यांनी एक गोष्ट केली होती. घरचा गुरांचा गोठा रिकामा केला आणि त्यात संग्रहालय मांडलं.

गोठाच तो. बाहुल्या, जुन्या चित्रांच्या पोथ्या, वाद्यं. आणि मग मांडी घालून बसल्यावर कथेकरी पोथीतलं चित्र पुढे धरतो, हुडुक वाजतो, टाळ वाजतो, आवाज लागतो. चित्रातला मोठ्या डोळ्यांचा, एका बाजूचा चेहरा. पुढच्या चित्रातला चेहरा त्याच्या समोरून बघणारा. म्हणजे एक बोलला, दुसऱ्यानं उत्तर दिलं. गाणारा त्या दोघांच्या मधल्या जागेत. केळकर संग्रहालयात भिंतीवर पाहिलेल्या त्या चित्रांची ही सख्खी भावंडं. तिथे मला आवाज बंद झालेला सिनेमा का वाटला ते आत्ता उमगलं. ही चित्रं टांगायची नव्हतीच. हातात धरायची, पुढे करायची, बाजूला ठेवायची. डोळे एवढे मोठे कशासाठी? मागच्या रांगेतल्या म्हातारीला मशालीच्या उजेडात दिसावेत म्हणून, असं आपलं मला वाटलं. विचारायचं राहून गेलं, कारण तोवर चामड्याचा रावण पडद्यावर आला होता आणि माझ्याशेजारचं पोरगं माझ्या मांडीवर चढलं होतं.

*

शेवटचं संग्रहालय कुठलं ते सांगत नाही. तालुक्याचं गाव, वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या. पहिल्यांदा गेले तेव्हा बंद होतं, कारण किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवडणुकीच्या ड्युटीवर होते. दुसऱ्यांदा बंद होतं, कारण सोमवार. तिसऱ्यांदा आत्या बरोबर होती आणि म्हणून असेल कदाचित, पण उघडं होतं. पांढरी टोपी घातलेले, निवृत्तीला आलेले एक शिपाईमामा होते. त्यांनी ट्यूबलाइट लावली. ती लागायला वेळ घेते, तेवढ्यात त्यांनी फडक्यानं काचा पुसल्या.

तलवार एक, तोफेचा गोळा एक, मोडीतले कागद, गावच्या स्वातंत्र्यसैनिकांचे फोटो. कोपऱ्यातल्या कपाटात लाकडाची आणि पितळेची सात भांडी उतरत्या क्रमानं ठेवलेली. सातांपुढे मिळून एक पाटी : 'धान्य मोजण्याची मापे.'

आत्या पाटीकडे बघत राहिली. मग मामांना म्हणाली, "ही सगळी एकाच नावाची कशी? माझी सात पोरं असती आणि सगळ्यांना नुसतं 'पोरं' म्हटलं असतं तर चाललं असतं का?"

मामा टोपी सरकवून म्हणाले, "नावं मला दोनच येतात, आजी. पायली आणि शेर."

"लिहा."

त्यांनी वही काढली. शेऱ्यांचीच वही. तिच्या शेवटच्या पानावर आत्या सांगत गेली आणि मामा लिहीत गेले. पायली. तिची निम्मी अधोली. अधोलीचे दोन शेर. शेराचं निम्मं मापटं. त्याचं निम्मं चिपटं. चिपट्याचं निम्मं कोळवं, कोळव्याचं निम्मं निळवं. "भिकाऱ्याला निळवं घालायचं, गोसाव्याला कोळवं. बलुतेदाराला पायलीनं. आणि सासूबाई उसनं देताना शेराला हातानं सपाट करायच्या आणि परत घेताना शीग लावून घ्यायच्या." मामांनी शीगसुद्धा लिहून घेतली. पुढे कंसात 'सासूबाई' असं लिहिल्याचं मला उलटं वाचता आलं.

मग त्यांनी ते पान फाडलं. पट्टी लावून त्याच्या सात पट्ट्या केल्या, प्रत्येकीवर बॉलपेननं एकेक नाव पुन्हा ठळक गिरवलं. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं, आणि एकेका भांड्यापुढे एकेक पट्टी ठेवून मागे सरून, मान वाकडी करून बघितलं.

आत्या काचेपाशी गेली. नव्या डोळ्यांनी पायलीपासून खाली वाचत आली. शेवटाशी थांबली.

"मामा, शेवटची दोन उलटी ठेवलीत."

मामांनी खिशात टाकलेली किल्ली पुन्हा काढली.